हाताचा गुण आणि हाताची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गगनबावडा येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा विचार आम्हांस फार वेळ करावा लागला नाही. आम्ही पस्तीस वर्षे कोल्हापुरात फिजिओथेरपीचा, म्हणजे व्यायाम, शेक व हस्तोपचार यांच्या साहाय्याने अवयवांची हालचाल पूर्ववत् करण्याचा व्यवसाय केला. त्याआधी आमच्या घरात दोन पिढ्या हाडे बसविण्याचे काम चालत होते. हात हेच आमच्या घराण्याचे भांडवल. त्या हाताने काय साधते, काय साधत नाही, आणि हे ठरवावयाचे कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा विषय गगनबावड्यास बोलावा हेही योग्यच होय. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेले हे गाव. एका अंगास करूळ घाट, दुसऱ्या अंगास भुईबावडा घाट, आणि डोक्यावर गगनगड. पावसाचे माप सांगावयास नको. छत्रीपेक्षा इरल्यावर ज्यांचा विश्वास अधिक होता अशी माणसे येथे समोरच बसली आहेत. भाताची लावणी दिवसभर कमरेत वाकून करावयाची, गवताचे व सरपणाचे भारे डोक्यावरून आणावयाचे, शेवाळलेल्या बांधावरून चालावयाचे. अशा मुलखात कंबर धरणे, पाय मुरगळणे, हात मोडणे या नित्याच्याच गोष्टी. पूर्वी पावसाळ्यात एखाद्या वाडीवरून कोल्हापूरचा दवाखाना गाठणे म्हणजे दिवसाची यात्रा असे. तेव्हा गावचा हाडवैद्य हाच लोकांचा आधार होता. आज शहरात बसून त्यास नावे ठेवणे सोपे आहे. तो नसता तर काय झाले असते याचा विचार करणे अवघड आहे.

आमच्या थोरल्या आजोबांचा, म्हणजे आजोबांच्या वडील बंधूंचा, या पंचक्रोशीत मोठा लौकिक होता. रोगी आला की त्यास पडवीत घोंगडीवर बसवीत, तेल कोमट करून घेत आणि दुखऱ्या जागेवरून अंगठा हळूहळू फिरवीत. त्याच्या गाईगुरांची, पिकापाण्याची चौकशी करीत करीत त्याचे लक्ष दुसरीकडे वेधीत आणि एका क्षणात असा हिसका देत की, रोगी ओरडेपर्यंत सांधा जागेवर बसलेला असे. मोडलेल्या हाडावर अंड्याचा बलक व उडदाचे पीठ यांचा लेप देऊन वर बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधीत. मोबदला म्हणून नारळापलीकडे त्यांनी काही घेतले नाही. कोल्हापूरच्या तालमींतही हीच विद्या वस्तादांच्या हाती होती. राजर्षी शाहू छत्रपतींच्या आश्रयाने येथे कुस्ती वाढली, १९१२ साली खासबागेचे मैदान खुले झाले, आणि निखळलेला खांदा आखाड्याच्या कडेलाच बसविणारी माणसेही त्याबरोबर नावाजली.

या विद्येस आपल्याकडे शास्त्राचाही आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात भग्नांवर, म्हणजे मोडलेली हाडे व निखळलेले सांधे यांवर, स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. ताणणे, दाबून जागेवर आणणे, जुळवून स्थिर ठेवणे आणि बांधणे अशा हाताच्या चार क्रिया दिल्या आहेत. पट्टी थंडीच्या ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी असेही सांगितले आहे. परंतु त्या सर्वांत आम्हांस अत्यंत मोलाचे वाटते ते वाक्य असे की, बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, आणि अति घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक उत्पन्न होतो. म्हणून जाणते लोक मध्यम बंधच प्रशस्त मानतात. आमच्या घरात कामट्या आल्या, लेप आला, हिसका आला; हे वाक्य मात्र वाटेत कोठेतरी गळाले.

त्याची किंमत आमच्या घराने मोजली. १९६९ च्या आषाढात आमचा धाकटा भाऊ, वय वर्षे सात, गोठ्याच्या माळ्यावरून पडला. उजव्या कोपराच्या किंचित वर हाड मोडले. थोरल्या आजोबांनी तत्काळ बांधले. आणि घरचेच पोर म्हणून जरा अधिकच काळजीने, अधिकच घट्ट बांधले. रात्रभर पोर रडत होते. हाड मोडले म्हणजे दुखणारच, असे सर्वजण म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोटे सुजून गार पडली. तिसऱ्या दिवशी रडणे थांबले, आणि घरात सर्वांस हायसे वाटले. वस्तुतः जाणिवेचे तंतू निकामी झाल्यामुळे ते रडणे थांबले होते. वाटेवर पुराचे पाणी होते. कोल्हापूरच्या शल्यवैद्यांपर्यंत पोहोचावयास आठवा दिवस उजाडला. हात वाचला, पण बोटे आत वळली ती कायमची.

या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ साली केले होते. घट्ट बांधल्याने वा आतील सुजेने स्नायूंचा रक्तप्रवाह अडला म्हणजे काही तासांतच स्नायू मरू लागतात, आणि पुढे ते आखडून बोटे पक्ष्याच्या नखीसारखी वळतात. कधी कधी मोडलेले हाडच रक्तवाहिनी दाबते. तेव्हा सर्व दोष पट्टीचाच असतो असे नव्हे. परंतु पट्टी वेळेवर सोडणे आपल्या हाती असते, आणि ते आमच्या घरात कोणी केले नाही.

यापुढे घडले ते सांगण्यासाठीच आम्ही ही घरची गोष्ट चारचौघांत काढली आहे. थोरल्या आजोबांस कोणी एका शब्दाने बोलले नाही. उलट प्रारब्धाकडे बोट दाखविले गेले. पण ते सत्तरीचे गृहस्थ पाणी ओसरताच एस. टी.ने कोल्हापुरास गेले, त्या शल्यवैद्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “माझे कोठे चुकले ते मला दाखवा.” त्या सज्जनाने त्यांस बसवून घेतले. बांधलेल्या हाताची बोटे उघडी ठेवावी; नख दाबून सोडले असता लाली लगेच परत येते की नाही ते पाहावे; बोट हळूच सरळ केले असता रोगी कळवळला तर पट्टी त्याच क्षणी सोडावी आणि रोग्यास रुग्णालयात धाडावे, हे सर्व त्यांस शिकविले. त्यानंतर आजोबांनी मोडलेले हाड स्वतः कधी बांधून ठेवले नाही. फळीचा आधार देऊन ते रोग्यास कोल्हापुरास पाठवीत. मुरगळणे, लचकणे यांवर मात्र त्यांचा हात अखेरपर्यंत चालला. आम्ही पुढे ज्या शाळा-महाविद्यालयांत शिकलो, तेथे याहून मोठा धडा आम्हांस मिळाला नाही.

ज्ञातिबंधूंनो, जो हात गुण देतो तोच अपाय करतो. मग त्याचे खरे मोल ठरवावयाचे कसे, हा प्रश्न आमच्या पडवीपुरता नव्हता. इंग्लंडातही हाडवैद्यांची घराणी होती. जेम्स पॅजेट या विख्यात शल्यवैद्यांनी १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात आपल्या व्यवसायबंधूंस बजाविले की, या लोकांस हसू नका. त्यांच्याकडून चांगले ते उचला आणि वाईट ते टाळा. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या वैद्याची तीन मुले १८६४ साली मेंदूच्या आवरणाच्या ज्वराने दगावली. तत्कालीन औषधांवरील त्याचा विश्वास उडाला आणि १८७४ साली त्याने ऑस्टिओपॅथी या नव्या पद्धतीची घोषणा केली. शरीराची घडण बिघडली की रक्ताचा प्रवाह अडतो आणि रोग होतो, ती घडण हाताने सुधारली की शरीर स्वतःच बरे होते, असे त्याचे मत. १८९२ साली त्याने मिसूरी प्रांतात कर्क्सव्हिल येथे विद्यालय काढले. १८९५ साली पामर नामक गृहस्थांनी कायरोप्रॅक्टिक ही दुसरी पद्धती सुरू केली. आज अमेरिकेत ऑस्टिओपॅथीचे पदवीधर पूर्ण अर्थाने डॉक्टर असतात. इंग्लंडात १९९३ च्या कायद्याने त्यांची नोंदणी होते. आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. त्यातील हस्तोपचाराचा मोठा भाग याच प्रवाहांतून आलेला आहे.

हे हात करतात तरी काय? प्रथम चाचपणी: त्वचेची ऊब, स्नायूंचा ताठरपणा, सांध्याची हालचाल. मग स्नायूंस तळहाताने वा अंगठ्याने सैल करणे. मग सांधा त्याच्या सोसण्याच्या मर्यादेत मंद लयीने पुढेमागे हलविणे. चौथा प्रकार मोठा युक्तीचा आहे: रोग्याने आमच्या हाताविरुद्ध पाच-सात सेकंद हलकेच जोर लावावयाचा, मग सैल सोडावयाचे, आणि त्या सैलपणाचा लाभ घेऊन आम्ही स्नायू थोडा अधिक ताणावयाचा. शेवटचा प्रकार म्हणजे झटका: सांध्यास टोकापर्यंत नेऊन अल्प अंतराचा, परंतु वेगवान धक्का. यात जो कट्‌ असा आवाज होतो त्याने रोगी खूश होतो. हाड जागेवर बसले असे त्यास वाटते. तसे काही नसते. सांधा एकदम फाकल्याने त्यातील द्रवात वायूची पोकळी उत्पन्न होते आणि त्या वेळी हा आवाज होतो. बोटे मोडतानाचा आवाजही याच जातीचा.

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष कबूल करावयाचा आहे. व्यवसायाची पहिली दहा-बारा वर्षे आम्ही कंबरदुखीच्या रोग्यास मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असू, “तुमचा मणका सरकला आहे, बसवून देतो.” एके दिवशी आमच्या एका सहकाऱ्याशी पैज लागली. एकाच रोग्याची पाठ दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी आणि सरकलेला मणका कागदावरील आकृतीत दाखवावा. असे सहा रोग्यांच्या बाबतीत केले. सहांपैकी एकाच्या बाबतीत आमच्या खुणा जुळल्या! आम्ही दोघे हसलो, पण त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. पुढे वाचनात आले की, अनेक देशांत हीच परीक्षा रीतसर घेतली गेली आहे आणि मणक्याची जागा बोटांनी ओळखण्यात तज्ज्ञांचेही एकमेकांशी फारसे जुळत नाही. हात खोटा नव्हता. हात जे सांगत होता त्याचा आम्ही लावलेला अर्थ खोटा होता. आणि त्या अर्थाने रोग्याचे नुकसानही होत होते. कारण आपला मणका सरकलेला आहे अशी धास्ती घेतलेला मनुष्य वाकावयास भितो, काम सोडतो आणि अधिकच आखडतो.

फोटो काढला म्हणजे खरे कळेल, असे कोणी म्हणेल. त्याचीही परीक्षा झाली आहे. ज्यांस मुळीच दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या पाठीच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्के, आणि ऐंशी वर्षांच्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे फोटोतील झीज बहुधा डोक्यावरील पांढऱ्या केसांसारखी असते. ती दिसली म्हणून तिनेच दुखते असे नव्हे.

मग हातास गुण येतो तो कशाने? आपल्याकडील पायाळूची चाल आठवा. उसण भरली की पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला, मनुष्य शोधावयाचा आणि त्याचा पाय पाठीस लावून घ्यावयाचा. पुष्कळांस उतारही पडतो. पण उसण ही बहुधा चार-आठ दिवसांत आपोआप उतरणारी व्याधी. आणि माणूस पायाळूचा शोध घेतो तो दुखणे अगदी कळसास पोहोचले म्हणजे. कळसानंतर उतार ठरलेलाच. त्या उताराचे श्रेय पायास मिळते. शिवाय आपुलकीने लागलेल्या स्पर्शाचा, आणि आता बरे वाटेल या विश्वासाचा गुण निराळाच. तेव्हा पायाळूपणाचाच गुण आहे की नाही हे पाहावयाचे तर एकच मार्ग: शंभर रोगी घ्यावे, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांस पायाळूचा पाय लावावा, निम्म्यांस तुमच्याआमच्यासारख्याचा, कोणाचा कोणता हे रोग्यास कळू देऊ नये, आणि मग दोहोंकडील हिशेब मांडावा.

हीच रीत हस्तोपचारास लावली गेली आहे. फ्रान्समध्ये कंबरदुखीच्या ४०० रोग्यांवर असा प्रयोग झाला आणि त्याचे फळ २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांस ऑस्टिओपॅथीचा खरा उपचार, निम्म्यांस नुसता हलका स्पर्श. तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटास दैनंदिन हालचालीत शंभरपैकी सुमारे साडेतीन गुणांचा लाभ अधिक दिसला. वेदनेत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. २०१९ साली जुनाट कंबरदुखीवरील ४७ प्रयोगांचा, ९,२११ रोग्यांचा आढावा निघाला. त्यात मणक्यावरील हस्तोपचार हा व्यायामादि अन्य मान्य उपचारांच्या बरोबरीचा ठरला. त्यांहून फार श्रेष्ठ नाही, कनिष्ठही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. त्या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रोग्यास नीट समजावून सांगणे, व्यायाम, हस्तोपचार व मालिश यांस स्थान दिले आहे. कंबरेचा पट्टा आणि वजने लावून ताणणे यांची नेहमीची शिफारस करू नये असे म्हटले आहे. पट्टा कपाटात ठेवून शेताच्या बांधावरून फिरावयास जावे, असा त्याचा घरगुती अर्थ.

याचे तात्पर्य आमच्या व्यवसायाच्या अभिमानास सुखावणारे नाही. परंतु ते निराशेचेही नाही. हात हा दार किलकिले करतो. आत चालत जावयाचे ते रोग्याने स्वतःच्या पायांनी. हाताने दोन दिवस आराम पडतो, तेवढ्यात भीती जाते, हालचाल सुरू होते आणि खरे काम पुढे व्यायाम करतो. दर आठवड्यास आयुष्यभर माझ्याकडेच या, असे जो सांगतो त्याच्या हातापेक्षा त्याच्या वहीकडे पाहावे.

आता जेथे हात मुळीच लावू देऊ नये ती स्थळे प्रत्येक घरातील गृहिणीने ध्यानात ठेवावी. कंबरदुखीबरोबर लघवी अडली वा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातील शक्ती कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप व वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. तेथे झटका दिला तर पाय लुळे पडण्याचे भय आहे. म्हातारी माणसे साध्या पडण्याने मणका मोडून घेतात. त्यांची पाठ तुडवून घेऊ नये. केस कापून झाल्यावर मान मोडून घेण्याची ज्यांस सवय आहे त्यांनी ती सोडावी. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे थोडी असली तरी ती खरी आहेत. आणि बांधलेल्या हातापायाची बोटे गार, निळसर वा बधिर झाली तर रात्र आहे, पाऊस आहे, वैद्य रागावेल, असा कोणताही विचार न करता पट्टी सोडावी आणि रोग्यास घेऊन निघावे.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, पावसाळ्यात वाडीवस्तीवरून रोगी हलविण्यासाठी मंडळाने एका वाहनाची कायम व्यवस्था करावी व तिचा खर्च निधीतून भागवावा. दुसरी, आपल्यातील जी मंडळी अद्याप चोळणे, बसविणे हे काम सेवाभावाने करतात, त्यांस मंडळाने एकेक वही द्यावी. रोगी आला कधी, दुखणे काय, केले काय, आणि महिन्याने स्थिती काय, एवढेच लिहावयाचे. जो परत आला नाही त्याच्याकडेही माणूस पाठवून विचारावयाचे. आमच्या थोरल्या आजोबांस बरे होऊन नारळ घेऊन आलेले शेकडो लोक आठवत होते. जे आले नाहीत त्यांची मोजदाद त्यांनी केली नव्हती. विद्या टिकावयाची तर ती हिशेबानेच टिकेल.

ज्या भावाची गोष्ट सांगितली तो याच सभेत बसला आहे, आणि त्याच्या संमतीनेच आम्ही ती सांगितली. मंडळाचा जमाखर्च गेली वीस वर्षे आपण ज्या वळणदार अक्षरात वाचता, ते अक्षर त्याच्या डाव्या हाताचे आहे. नव्या वह्यांचे पहिले पान आखून देण्याचे त्याने मान्य केले आहे.